'संपलं' म्हणजे नेहमीच 'ओव्हर' नव्हे : इंग्रजीत शेवट सांगताना या चुका टाळा

मराठीत आपण सगळंच 'संपवत' नाही. पाऊस ओसरतो, वर्ष सरतं, विहीर आटते, लग्न पार पडतं, नकोसं काम उरकलं जातं. घरात तर आणखी जपून बोलतो. दुकान बंद करत नाही, वाढवतो. निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. शेवटाबद्दल इतकं तारतम्य बाळगणारे आपण इंग्रजीत शिरलो की दुधापासून परीक्षेपर्यंत सगळ्याला एकच शब्द चिकटवतो : ओव्हर. नोकरी करणाऱ्यांना मी कामापुरतं इंग्रजी शिकवते, आणि या विषयातल्या बहुतेक चुका इथेच उगम पावतात, असं माझं ठाम मत झालंय.

'माय एक्झाम गॉट ओव्हर येस्टर्डे' हे वाक्य भारतात कुणालाही कळतं. पण ब्रिटिश किंवा अमेरिकन कानाला 'गेट ओव्हर' म्हणजे आजारातून, दुःखातून, धक्क्यातून सावरणं. 'शी इज गेटिंग ओव्हर अ कोल्ड' म्हणजे तिची सर्दी बरी होतेय. परीक्षेसाठी 'माय एक्झाम्स आर ओव्हर' किंवा 'फिनिश्ड येस्टर्डे' म्हणा. दाढ काढायला जाण्यासारखं नकोसं काम असेल, तर 'गेट इट ओव्हर विथ' आपल्या 'उरकून टाक'च्या अगदी जवळ जातं.

'मिल्क इज ओव्हर'मध्ये अडचण वेगळी आहे. 'ओव्हर' लागतं ते काही काळ चालणाऱ्या गोष्टीला : सामना, सुट्टी, युद्ध. दूध ही वस्तू आहे. त्यासाठी 'वुई हॅव रन आउट ऑफ मिल्क' किंवा नुसतं 'वुई आर आउट ऑफ मिल्क'. संपतं दूध, पण वाक्याचा कर्ता आपण. ही अदलाबदल तोंडात बसायला थोडा सराव लागतो.

गुंडाळणं आणि आवरणं

माझ्या एका विद्यार्थ्याने मँचेस्टरच्या क्लायंटला मेल पाठवला : 'वुई आर वाइंडिंग अप द प्रोजेक्ट.' त्याला म्हणायचं होतं की शेवटची चाचणी चालू आहे, पंधरा दिवसांत काम हातात देतो. तासाभरात तिकडून फोन आला : काम मध्येच का बंद करताय? 'वाइंड अप'चा 'समारोप करणं' असाही अर्थ आहे, पण धंद्याच्या भाषेत त्याला कुलूप लावल्याचा वास येतो. भारताच्या २०१३च्या कंपनी कायद्यातही 'वाइंडिंग अप' म्हणजे कंपनीचा कारभार कायमचा मिटवणं.

त्याला हवा होता तो शब्द होता 'रॅपिंग अप'. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, तेच आधी लिहिलं होतं. पण रॅप म्हणजे गुंडाळणं, आणि प्रकल्प गुंडाळला म्हणजे वाटोळंच झालं ना, म्हणून खोडलं." त्याचा मराठी कान अगदी बरोबर होता. आपल्याकडे गुंडाळणं म्हणजे अर्धवट सोडणं, गाशा गुंडाळणं. इंग्रजी 'रॅप अप'मध्ये ती नामुष्की नाही. ते आपलं 'आवरणं' आहे, नीट बांधून पूर्ण करणं. शूटिंगच्या सेटवर तिकडे 'दॅट्स अ रॅप' म्हणतात, आपल्याकडे 'पॅकअप'. पण ब्रिटनमध्ये वॉशिंग मशीन 'हॅज पॅक्ड अप' म्हणाल, तर ते बंद पडलं असा अर्थ होतो.

उच्चारही सांभाळा. 'वाइंड' म्हणजे घड्याळाला चावी देणं. स्पेलिंग वाऱ्याच्या 'विंड'सारखंच असल्याने चूक होते. आणि 'वाइंड डाउन' म्हणजे वेग हळूहळू कमी करत थांबणं, मग ते दुकान असो वा दिवसभराचा शीण.

'ड्रॉइंग टू अ क्लोज'

'द इयर इज ड्रॉइंग टू अ क्लोज' म्हणजे वर्ष सरत आलं. यात वर्ष आपसूक सरतं, कुणी ते संपवत नाही, म्हणून संमेलन, कारकीर्द, संध्याकाळ अशा गोष्टींना हा प्रयोग शोभतो. जेवणाच्या सुट्टीला लावलात तर भाषण ठोकल्यासारखं वाटेल. इथला 'क्लोज' म्हणताना शेवटी 'झ'कडे झुकणारा आवाज यायला हवा. शेवटी स्वच्छ 'स' आला की तो 'जवळचा' या अर्थाचा शब्द होतो.

'ड्रॉ' म्हणजे ओढणं, आणि हे क्रिकेटमध्ये डोळ्यांना दिसतं. दिवसाचा खेळ थांबला की यष्ट्या जमिनीतून उपटून काढतात. तेच 'स्टंप्स वेअर ड्रॉन'. सामना अनिर्णित राहिला असं ते सांगत नाही, तिसऱ्या दिवशीही स्टंप्स ड्रॉ होतातच. शरद ऋतूत ब्रिटिश माणूस 'द नाइट्स आर ड्रॉइंग इन' म्हणतो, तेव्हा रात्री सरत आल्या असं समजू नका. लंडनला जूनमध्ये सूर्य रात्री ९ नंतर मावळतो, डिसेंबरच्या मध्याला दुपारी ४च्या आधीच. दिवस आखडत चाललेत, एवढंच त्या ब्रिटिश माणसाला सांगायचं असतं.

'पर्यंत' आणि 'शेवटी'

सगळ्यात महागात पडते ती 'पर्यंत'ची चूक. 'शुक्रवारपर्यंत रिपोर्ट पाठवतो' आणि 'शुक्रवारपर्यंत सुट्टीवर आहे' या दोन्हींत मराठीला एकच 'पर्यंत' पुरतो. इंग्रजीला नाही. एकदाच होऊन जाणारी गोष्ट मुदतीच्या आत व्हायची असेल, तर 'बाय फ्रायडे'. तोवर चालू राहणारी असेल, तर 'अनटिल फ्रायडे'. 'आय विल सेंड इट टिल फ्रायडे' वाचून समोरचा गोंधळतो : रोज पाठवणार की काय? 'जोपर्यंत तो येत नाही'चं 'अनटिल ही डझंट कम'ही करू नका. 'अनटिल'ला तो नकार लागत नाही, 'अनटिल ही कम्स' एवढंच पुरे.

'शेवटी'चंही तसंच. सिनेमाच्या शेवटी काय झालं, हे 'ॲट द एंड'. बस की रिक्षा असा बराच घोळ घालून शेवटी चालत गेलो, हे 'इन द एंड'. 'ॲट लास्ट'मध्ये वाट पाहून थकल्याचा सुस्कारा आहे. आभाराच्या भाषणात 'ॲट लास्ट, आय थँक माय पेरेंट्स' म्हणालात तर आईवडिलांचे आभार एकदाचे मानले, असं ऐकू येतं. तिथे 'फायनली' किंवा 'लास्टली' घ्या. 'लास्ट बट नॉट लीस्ट'मध्ये 'द' घुसवू नका.

'एक्स्पायर' पासपोर्टला, व्हिसाला, औषधाला म्हणा. माणसासाठी 'पास्ड अवे' किंवा साधं 'डाइड'. कॉलेजमधून 'पास आउट' होणं आपल्याकडे रुळलंय, खडकवासल्याच्या एनडीएत तर पासिंग आउट परेडच असते. पण लष्कराबाहेर इंग्रज माणूस 'आय पास्ड आउट' ऐकून तुम्हाला चक्कर कशाने आली ते विचारेल. 'ग्रॅज्युएटेड' म्हणा.

फोन ठेवताना

इंग्रज माणूस 'आता ठेवतो' असं क्वचितच थेट म्हणतो. आधी 'राइट' किंवा 'एनिवे' येतं, जरा थांबून 'आय विल लेट यू गो' येतं. शब्द पाहिले तर तो तुम्हाला मोकळं करतोय. खरं तर त्यालाच निघायचं असतं. आपली माणसं प्रामाणिकपणे 'नो नो, आय ॲम फ्री' म्हणतात आणि पुढची दहा मिनिटं दोघंही अवघडतात. दारात चपला घालून पाहुणा 'बरं मग…' म्हणतो, तेव्हा आपण काय ओळखायचं ते ओळखतोच. फोनवरही 'राइट' ऐकू आलं की 'ओके, लव्हली टॉकिंग टू यू, बाय' म्हणा.