विद्यापीठात फ्रेंचचा वर्ग निवडताना या चुका टाळा

शाळेत किंवा कनिष्ठ महाविद्यालयात फ्रेंच शिकून आलेल्या विद्यार्थ्याला विद्यापीठात ही भाषा पुढे न्यायची असते, तेव्हा पहिला प्रश्न पडतो तो कोणत्या वर्गात बसायचे हा. पुणे असो, मुंबई असो वा फ्रान्समधील एखादे विद्यापीठ, बहुतेक जण या प्रश्नाचे उत्तर गुणपत्रिकेत शोधतात, आणि गोंधळाची सुरुवात तिथेच होते.

गुण म्हणजे पातळी नव्हे

महाराष्ट्रात दहावी-बारावीला फ्रेंच घेण्यामागे ‘हा स्कोअरिंग विषय आहे’ हे कारण मोठे असते, आणि त्यात गैर काही नाही. मात्र त्या परीक्षेचा मुख्य भर लेखी कामावर असतो: क्रियापदांची रूपे, गाळलेल्या जागा, उताऱ्यावरील प्रश्न, भाषांतर. म्हणून नव्वदच्या वर गुण मिळवलेल्या विद्यार्थ्याला ‘एत्र’ आणि ‘आवुआर’ या क्रियापदांची रूपे तोंडपाठ असतात. परंतु ‘ज न से पा’ हे पुस्तकी वाक्य फ्रेंच माणूस रोजच्या बोलण्यात ‘शेपा’ असे एका दमात उच्चारतो, तेव्हा ‘मला माहीत नाही’ एवढा साधा अर्थही त्याच्या कानाला सापडत नाही. असा विद्यार्थी व्याकरणाच्या बळावर वरच्या वर्गात जातो आणि शिक्षक फ्रेंचमधून सूचना देऊ लागले की शेजाऱ्याच्या वहीत डोकावू लागतो.

इंग्रजीही इथे दिशाभूल करते. इंग्रजीत फ्रेंचमधून आलेले हजारो शब्द आहेत, त्यामुळे इंग्रजी चांगली असणारा विद्यार्थी फ्रेंच बातमीचा बराच मजकूर नुसत्या अंदाजाने लावतो आणि आपली पातळी त्यावरून ठरवतो. तेच शब्द ऐकताना मात्र ओळखू येत नाहीत, कारण उच्चार पार निराळे असतात आणि लगतचे शब्द एकमेकांत मिसळतात. वाचन येते म्हणून वरचा वर्ग मागणे ही माझ्या मते सर्वांत जास्त आढळणारी आणि सर्वांत महाग पडणारी चूक आहे.

कौन्सिल ऑफ युरोप या संघटनेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषा-पातळ्यांच्या चौकटीत ए१, ए२, बी१, बी२, सी१ आणि सी२ अशा चढत्या सहा पातळ्या आहेत, आणि त्या किती धडे झाले यावर नव्हे, तर त्या भाषेत माणूस काय करू शकतो यावर बेतलेल्या आहेत. त्यामुळे स्वतःची चाचणी घरीही घेता येते. कालच्या दिवसाबद्दल काहीही लिहून न घेता दोन मिनिटे फ्रेंचमध्ये बोलावे आणि ते फोनवर ध्वनिमुद्रित करावे. ‘मी घरी पोहोचलो तेव्हा पाऊस पडत होता’ यासारख्या वाक्यात पोहोचण्यासाठी ‘पासे काँपोझे’ आणि पावसासाठी ‘अँपार्फे’ हे दोन भूतकाळ फारसे न अडखळता वापरता आले, तर ए२ पातळी बऱ्यापैकी पक्की झाली आहे असे समजावे. प्रत्येक वाक्यापूर्वी मनात तक्ता आठवावा लागत असेल, तर तक्ता कितीही पाठ असला तरी जागा ए२ च्या वर्गातच आहे.

प्रमाणपत्र नीट वाचा

डेल्फ, म्हणजे पातळीनुसार घेतली जाणारी फ्रेंचची प्रमाणपत्र परीक्षा, उत्तीर्ण असलेल्यांचा वेगळाच घोटाळा होतो. या परीक्षेत ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे यांना प्रत्येकी २५ गुण असतात. एकूण १०० पैकी ५० मिळाले आणि प्रत्येक भागात किमान ५ मिळाले की विद्यार्थी उत्तीर्ण होतो. म्हणजे वाचनात २४, लेखनात २२, बोलण्यात ८ आणि ऐकण्यात ५ असे ५९ गुण मिळवणाराही बी१ उत्तीर्णच ठरतो. हा विद्यार्थी बी२ च्या वर्गात बसला, तर पहिल्या आठवड्यातच त्याचे हाल होतील. म्हणून एकूण बेरीज न पाहता सर्वांत कमी गुण कोणत्या भागात आहेत ते पाहावे आणि निवड त्यावरून करावी. शिवाय डेल्फचे प्रमाणपत्र आजन्म ग्राह्य असले, तरी तीन वर्षे न वापरलेली भाषा तशीच राहत नाही.

अभ्यासक्रमांची नावेही फसवी असतात. पुण्यात ‘रानडे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या विदेशी भाषा विभागात सर्टिफिकेट, डिप्लोमा अशा पायऱ्या आहेत. अलियाँस फ्राँसेज या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेत ए१, ए२ अशा आहेत. सर्टिफिकेट म्हणजे ए१ आणि डिप्लोमा म्हणजे ए२ असे परस्पर समीकरण मांडू नये. कोणते पाठ्यपुस्तक आहे, वर्षाच्या आरंभी त्यातील कितव्या धड्यापासून सुरुवात होते आणि एकूण किती तास शिकवले जाते, या तीन गोष्टी विभागात विचारून घ्याव्यात.

सोपा वर्ग स्वस्त पडत नाही

येत असूनही प्रारंभिक वर्गात नाव घालायचे आणि ऐच्छिक विषयाचे श्रेयांक सहज मिळवायचे, हा विचार मोहात पाडणारा आहे. पहिले दोन महिने सगळे ओळखीचे असते, म्हणून ऐकण्याची आणि रोज थोडे करण्याची सवय सुटते. पुढे भूतकाळ सुरू झाला की शून्यापासून आलेले मेहनती विद्यार्थी पुढे निघून जातात. शिवाय खऱ्या नवशिक्यांवर अन्याय होतो, कारण वर्गात पहिले उत्तर नेहमी तुमचेच येत असल्यामुळे आपल्याला ही भाषा जमणार नाही असे त्यांना वाटू लागते.

प्लेसमेंट टेस्ट देताना

कोणत्या वर्गात बसायचे हे ठरवण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या या चाचणीसाठी उजळणी करून जाणे, पर्यायांमधून अंदाजाने उत्तरे देणे किंवा घरून देताना भाषांतराच्या ॲपची मदत घेणे, या तिन्ही गोष्टींनी निकाल फुगतो आणि त्याची किंमत पूर्ण सत्र मोजावी लागते. येत नसलेला प्रश्न कोरा सोडावा. चाचणी केवळ बहुपर्यायी असेल, तर शिक्षकांकडे पाच मिनिटांच्या तोंडी मुलाखतीची विनंती अवश्य करावी. दोन पातळ्यांच्या सीमेवर असलेल्याने ऐकणे कच्चे असल्यास खालचा वर्ग घ्यावा. केवळ व्याकरणातील दोन-तीन प्रकरणे राहिली असतील तर वरचा घ्यावा, कारण ती प्रकरणे घरी भरून काढता येतात, कान मात्र तसा घाईने तयार होत नाही.

फ्रान्समध्ये फ्रेंच माध्यमातून पदवी घेण्यासाठी साधारणपणे बी२ मागितले जाते, आणि ही मोठी मजल आहे. शून्यापासून तिथवर पोहोचायला वर्गातील सुमारे ६०० तास धरले जातात. प्रवेशाची तारीख जवळ आली म्हणून बी१ अर्धवट सोडून बी२ च्या वर्गात उडी मारल्याने हे तास कमी होत नाहीत.

वर्ग चुकलाच असेल तर

दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस स्वतःला तपासावे. शिक्षकांच्या सूचना दुसऱ्यांदा ऐकूनही कळत नसतील, तर वर्ग फार वरचा आहे. ध्वनिफीत पहिल्याच वेळी पूर्ण कळत असेल आणि गृहपाठात एकही नवे वाक्य लिहावे लागत नसेल, तर फार खालचा आहे. अधूनमधून काही सुटणे, दमायला होणे, उत्तर देताना अडणे हे योग्य वर्गाचेच लक्षण आहे, तेवढ्यावरून घाबरून बदल मागू नये. बदल करायचाच असेल, तर विभागाने ठरवलेली मुदत संपण्यापूर्वी आपले लेखी काम आणि बोलण्याचा नमुना घेऊन शिक्षकांना भेटावे. केवळ ‘अवघड जाते’ एवढ्या तक्रारीवरून त्यांना निर्णय घेता येत नाही. मुदत टळली असल्यास आहे त्याच वर्गात राहून खालच्या वर्गाच्या श्रवणाच्या तासांना बसण्याची परवानगी मागावी, आणि वर्ग सोपा पडत असल्यास पुढच्या पुस्तकातील ध्वनिफिती व लेखन तपासून देण्याची विनंती शिक्षकांनाच करावी.