दुरुस्त करता येणारा लॅपटॉप निवडताना: बॅटरी, पंखा आणि खरेदीतली नीतिमत्ता

लॅपटॉप सहसा प्रोसेसर जुना झाला म्हणून टाकला जात नाही. बॅटरी तासभरही टिकेनाशी होते, पंखा घरघरायला लागतो, चार्जिंगचं पोर्ट ढिलं पडतं आणि दुरुस्तीचा खर्च ऐकून माणूस नवा घेतो. हे तिन्ही भाग झिजणारेच आहेत. म्हणून ते किती सहज निघतात, हे खरेदीच्या आधी बघायचं.

आधी सर्व्हिस मॅन्युअल

आवडलेल्या मॉडेलचं नेमकं नाव घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावर त्याचं सर्व्हिस मॅन्युअल, म्हणजे भाग कसे काढायचे-बसवायचे हे दाखवणारी पुस्तिका, शोधा. लेनोवोची थिंकपॅड, डेलची लॅटिट्यूड, एचपीची एलिटबुक अशा व्यावसायिक मालिकांची मॅन्युअल सर्वांना खुली असतात. ज्या मॉडेलचं मॅन्युअलच मिळत नाही, ते यादीतून काढलेलं बरं.

मॅन्युअलमध्ये बॅटरीचं पान उघडा. तळाचं झाकण, बॅटरीचा कनेक्टर, चार-सहा स्क्रू आणि बॅटरी बाहेर, इतकंच असेल तर उत्तम. बॅटरी गोंदाने चिकटवलेली असेल किंवा कीबोर्डसकट वरचा सगळा साचा बदलायला सांगितला असेल, तर खर्च कुठे जाणार ते तिथेच कळतं. मग पंख्याचं पान बघा. काही मॉडेलमध्ये पंखा आणि उष्णता वाहणारी तांब्याची नळी जोडलेली असते. तिथे नुसता पंखा बदलायचा तरी प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (उष्णता धातूकडे नेणारा लेप) काढून नव्याने लावावी लागते. चार्जिंग पोर्ट छोट्या वेगळ्या पट्टीवर आहे की मदरबोर्डवर डाग देऊन (सोल्डर करून) बसवलंय, तेही पाहा. रॅम डाग दिलेली असेल तर ती आजच पुरेशी घ्या, पुढे वाढवता येणार नाही.

आता बॅटरीचा पार्ट नंबर टाकून सुटा भाग खरंच विकत मिळतो का ते शोधा. भागच मिळत नसेल, तर झाकण सहज उघडतं याचा काही उपयोग नाही. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर दहापैकी दुरुस्तीचे गुण छापावे लागू लागले. त्यात सुट्या भागांची उपलब्धता आणि किंमत हे स्वतंत्र निकष होते. आपली तपासणीही त्याच धर्तीवर करा.

बॅटरीचा हिशेब वॉट-तासांत

एमएएचचा (मिलिॲम्पिअर-तासांचा) आकडा एकटा पाहून काही कळत नाही. त्याला हजाराने भागून व्होल्टने गुणलं की वॉट-तास मिळतात. ५००० एमएएचची बॅटरी ७.७ व्होल्टची असेल तर ती ३८.५ वॉट-तासांची आणि १५.४ व्होल्टची असेल तर ७७ वॉट-तासांची. तुलना वॉट-तासांतच करा.

तास काढायचे तर वॉट-तासांना सरासरी वापराच्या वॉटने भागा. लिखाण-वाचनाच्या हलक्या कामाला ८ वॉट लागत असतील, तर ६० वॉट-तासांची बॅटरी साडेसात तास चालेल. पण तीच बॅटरी ८० टक्क्यांवर उतरली की ४८ वॉट-तास उरतात, म्हणजे सहा तास. साधारण ३०० ते ५०० पूर्ण चार्जनंतर बऱ्याच बॅटऱ्या या टप्प्यावर येतात. म्हणून ८० टक्क्यांना मिळणारे तास तुम्हाला पुरतात का, हे बघून निवडा.

चार्ज ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असावी, आणि ती बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होताच चालणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, असावी. ती फक्त कंपनीच्या विंडोज ॲपमध्ये असेल, तर विंडोजऐवजी लिनक्स टाकल्यावर हाती राहीलच असं नाही. सतत पूर्ण चार्ज आणि उष्णता या दोन गोष्टी बॅटरीतल्या लिथियम-आयन पेशींना सर्वांत लवकर म्हाताऱ्या करतात.

वापरलेला लॅपटॉप घेत असाल तर विंडोजमधला बॅटरी रिपोर्ट काढायला लावा. मूळ क्षमता आणि आजची पूर्ण क्षमता शेजारी ठेवा. ७० टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीची किंमत व्यवहारात धरा. लॅपटॉप सपाट टेबलावर डगमगत असेल किंवा टचपॅड वर उचलला गेला असेल, तर बॅटरी फुगल्याचा संशय घ्या आणि तो चार्जिंगला लावू नका.

एक चूक मात्र टाळा: ‘पुढे मिळाली नाही तर?’ म्हणून आजच जादा बॅटरी घेऊन ठेवणं. लिथियम-आयन बॅटरी कपाटात पडूनही झिजते. म्हणूनच कंपनी किती वर्षं भाग पुरवते, याला एवढं महत्त्व.

थंड राहतो का, हे कसं तपासायचं

प्रोसेसरवर पूर्ण भार टाकून २० मिनिटं चालवा. पहिल्या मिनिटातला वेग विसरा, तो थोड्या वेळापुरता चढवलेला असतो. नंतर स्थिरावलेला वेग हाच तुमचा खरा वेग. तापमान ९५ ते १०० अंशांना टेकलं की प्रोसेसर स्वतःच मंदावतो. त्यामुळे पातळ देहात कोंबलेला ४५ वॉटचा प्रोसेसर नीट थंड होणाऱ्या २८ वॉटच्या प्रोसेसरहून मागे पडू शकतो. आतला फोटो मिळाला तर उष्णतेच्या नळ्या आणि बॅटरी यांत अंतर आहे का, तेही पाहा.

घेतल्यानंतरची सफाई अशी:

१. चार्ज २५ टक्क्यांखाली आणा, लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा.
२. झाकण उघडून सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर प्लास्टिकच्या पट्टीने सोडवा.
३. पंख्याची पाती बोटाने धरून हवेचे छोटे फवारे मारा. पाती मोकळी सोडली तर ती भरधाव फिरून बेअरिंग खराब होतं.
४. पंखा आणि जाळीच्या मध्ये धुळीची गादी जमते. ती चिमट्याने उचला, कारण नुसत्या हवेने ती आणखी आत दाबली जाते.

एवढं करूनही तापमान उतरलं नाही, तरच पेस्ट बदला. उष्णतावाहकाच्या (प्रोसेसरवर बसणाऱ्या, उष्णता वाहणाऱ्या धातूच्या भागाच्या) स्क्रूंशेजारी बहुधा आकडे छापलेले असतात: कसताना त्या क्रमाने, सोडवताना उलट. जुनी पेस्ट ९० टक्क्यांहून जास्त आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. लॅपटॉपच्या प्रोसेसरवर बहुधा धातूचं झाकण नसतं, म्हणून नवी पेस्ट पातळ पण अगदी कोपऱ्यांपर्यंत पसरवा. थर्मल पॅड (चिप आणि उष्णतावाहक यांच्यामधली मऊ गादी) बदलत असाल तर मूळ जाडीचाच घ्या. अर्ध्या मिलिमीटरच्या जागी एक मिलिमीटरचा बसवला, तर उष्णतावाहक प्रोसेसरवरून उचलला जातो आणि तापमान आधीपेक्षा वाढतं.

पैसे कुणाला द्यायचे

लॅपटॉपच्या आयुष्यभराच्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तो बनवतानाच खर्ची पडलेला असतो. चारऐवजी आठ वर्षं वापरला, तर तो वाटा दर वर्षामागे निम्मा होतो. पुनर्वापरित प्लास्टिकचं झाकण दाखवून बॅटरी मात्र गोंदाने चिकटवणाऱ्या कंपनीचा दावा या हिशेबात फार हलका ठरतो. बॅटरीतल्या कोबाल्टचा मोठा हिस्सा काँगो लोकशाही प्रजासत्ताकातून येतो, आणि तिथल्या हाताने खोदलेल्या खाणींत मुलांनी काम केल्याच्या नोंदी आहेत. विकत न घेतलेला लॅपटॉप ही त्यावरची सर्वांत थेट कृती. त्यामुळे नूतनीकरण केलेला व्यावसायिक लॅपटॉप आधी बघा, नवा नंतर.

नवाच हवा असेल, तर जुन्या देहात नवे भाग बसतात का ते बघा. फ्रेमवर्क या कंपनीच्या १३ इंची लॅपटॉपला सुरुवातीला ५५ वॉट-तासांची बॅटरी होती. २०२३ मध्ये आलेली ६१ वॉट-तासांची बॅटरी आधीच्या मॉडेलमध्येही बसते. कंपनीला लेखी विचारा: भाग किती वर्षं मिळतील, बायोसच्या सुरक्षा सुधारणा कधीपर्यंत येतील, झाकण उघडल्यावर वॉरंटी जाते का? युरोपीय संघात १८ फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणातली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता यावी, असा नियम आहे. त्यामुळे बॅटरी सुटी काढता येणं ‘तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही’ हे उत्तर मान्य करू नका.

जुनी बॅटरी काढल्यावर तिच्या कनेक्टरवर चिकटपट्टी लावा आणि ती ई-कचरा संकलनाकडे द्या. फुगलेली असेल तर दाबू नका, टोचू नका. ज्वलनशील वस्तूंपासून दूर, धातूच्या भांड्यात वाळूवर ठेवा आणि शक्य तितक्या लवकर पोहोचवा.