सबवूफरचा एकच सूर घुमतोय?

घरी बनवलेला सबवूफर एखाद्याच सुरावर घुमतो, खिडकीची काच थरथरते. म्हणून डीएसपीत (आवाजाचे सूर कमी-जास्त करणाऱ्या डिजिटल प्रोसेसरमध्ये) सगळाच बास कमी करू नका, गाणं मिळमिळीत होतं.

१. माइक सोफ्यावर, कानाच्या उंचीला ठेवा. ‘रूम ईक्यू विझार्ड’ या मोफत सॉफ्टवेअरने २० ते २०० हर्ट्झचा स्वीप (खालून वर चढत जाणारा चाचणीचा सूर) घ्या.
२. आलेखातला सगळ्यात उंच सुळका, समजा ४२ हर्ट्झला ८ डेसिबल, तिथेच पॅरामेट्रिक फिल्टरने (निवडलेल्या सुराभोवतीचाच पट्टा बदलणाऱ्या) ६ डेसिबल कापा. क्यू (फिल्टर किती अरुंद ते सांगणारा आकडा) ५ पासून सुरू करा.
३. पुन्हा स्वीप. दोन-तीन फिल्टर पुरतात.

आलेखातले खड्डे आवाज वाढवून भरायला जाऊ नका, ॲम्प्लिफायर नुसता तापतो. त्यापेक्षा डबा हातभर सरकवून बघा. पोर्टवाला (हवेसाठी नळी असलेला) डबा असेल तर पोर्ट ज्या हर्ट्झला ट्यून केलाय त्याच्या खाली हाय-पास (त्याहून खालचे सूर अडवणारा फिल्टर) लावाच, नाहीतर स्पीकरचा कोन (पडदा) मोकाट हलून त्याची कॉइल आपटते.