गोठ्यातले उंदीर एअरगनने कसे मारावेत

हरभरा-गहू निघाला, शेत मोकळं झालं की उंदीर दुसरी सोय बघतात. मार्च-एप्रिलात ते धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) गोठ्याकडे सरकतात, आणि इथे सगळं तयारच असतं: ढेपीची पोती, कुटाराचा (भुशाचा) ढीग, भिंतीला टेकवलेल्या पऱ्हाट्या-तुराट्या (कपाशी-तुरीच्या वाळलेल्या काड्या) आणि भाव वाढायची वाट बघत खोलीत भरून ठेवलेला कापूस. कापसात घर करायचं आणि त्यातलीच सरकी खायची, याहून चांगली सोय कुठली! सोयाबीनच्या पोत्यांना भोकं पडतात ती वेगळीच. उंदीर खातो त्यापेक्षा मुतून-हगून नासवतो जास्त.

गोठ्यात विष टाकायला मन धजत नाही, आणि ते बरोबरच आहे. ढोरं काहीही चाटतात, कोंबड्या काहीही टिपतात. विष खाऊन सुस्तावलेला उंदीर मांजर किंवा घुबड उचलतं आणि तेही जातं. कुटाराखाली मेलेला उंदीर सापडेपर्यंत वासाने जीव नको होतो. अशा ठिकाणी एअरगन उपयोगी पडते. पण अपेक्षा नेमकी ठेवा. मादी तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ पिल्लं सहज देते. शंभर उंदरांचा गोठा बंदुकीने रिकामा होत नाही. ढिगारे हलवले, बिळं बुजवली, पिंजरे लावले आणि तरी जे हुशार चार-सहा उरतात, त्यांच्यासाठी बंदूक. उलट क्रमाने कराल तर छर्रे संपतील, उंदीर संपणार नाहीत.

कायद्याचं आधी

2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे 0.177 इंच, म्हणजे 4.5 मिलिमीटर नळीची आणि 20 ज्यूलपर्यंत ताकदीची एअरगन विनापरवाना ठेवता येते. नळी किंवा ताकद यापुढे गेली की परवाना लागतो. त्यामुळे 0.22 च्या भानगडीत पडू नका, उंदरासाठी 0.177 पुरेशी आहे. बिल जपून ठेवा, बंदुकीसोबत त्याची झेरॉक्स असू द्या.

ताडोबा, मेळघाट, पेंच, बोर, नवेगाव-नागझिरा यांच्या आसपासच्या गावांनी जास्त सांभाळायचं. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 31 नुसार मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन शिरता येत नाही. शेताची वाट जंगलातून जात असेल तर बंदूक घरीच राहू द्या. आणि उंदरासाठी घेतलेली बंदूक तितर, ससा, घोरपड, मुंगूस यांच्याकडे वळली की तो उंदीरनियंत्रणाचा विषय राहत नाही, शिकारीचा गुन्हा होतो. गावात अशा बंदुका कमी नाहीत, म्हणून स्पष्ट लिहितोय.

रात्री उघड्या शेतात तर बंदूक चालवायचीच नाही. कृषिपंपाची लाईट बऱ्याचदा रात्रपाळीत असते. ओलितासाठी कोण कुठल्या धुऱ्यावर बसलंय, कोण जागलीला आहे, हे अंधारात कळत नाही. हा लेख चार भिंतींच्या आतल्या उंदरांचा आहे.

राख टाकून वाट शोधा

बंदूक हातात घेण्याआधी हे काम करा, आणि सगळ्यात जास्त वेळ यालाच द्या. उंदीर मोकळ्या जागेतून फिरत नाही, भिंतीला अंग घासत रोज त्याच वाटेने जातो. ती वाट दिवसा दिसते. भिंतीच्या तळाशी, पोत्यांच्या कडेला, दगडी चौथऱ्यावर बोटभर उंचीचा काळपट, मेणचट पट्टा असतो. बोट लावलं तर किंचित चिकट लागतो. जुन्या वाटेवरचा पट्टा धुळीने पांढुरका झालेला असतो.

खात्री करायची तर चुलीची राख चाळून घ्या. संध्याकाळी संशयाच्या जागांवर हातभर लांब, अगदी पातळ थर पसरा. सकाळी ढोरं सोडायच्या आधी बॅटरी जमिनीला समांतर धरून बघा. पुढच्या पायाची चार बोटं, मागच्या पायाची पाच, आणि मधूनमधून शेपटीची ओढलेली रेघ. जिथे राख नुसती पुसून गेल्यासारखी दिसते तिथे वर्दळ जास्त. जिथे एकच माग आहे तिथे बसण्यात अर्थ नाही.

लेंड्याही बघा. ओल्या, चकचकीत असतील तर रात्रीच्या आहेत. वाळून भुरभुरीत झाल्या असतील तर जुन्या. पायव्याशी ताज्या मातीचा ढीग आणि रुंद बीळ असेल तर ते घुशीचं काम. घूस जमिनीवरूनच ये-जा करते, त्यामुळे बंदुकीला सोयीची. काळा घरउंदीर मात्र आढ्यावरून, वाशांवरून पळतो. त्याच्यावर वर रोखून मारू नका. छर्रा कवेलू फोडेल, नाहीतर टिनाला भोक पाडेल आणि मृगाचं पाणी थेट कुटारावर गळेल. वरच्या उंदरासाठी तारेचा पिंजराच बरा. तोही त्याच्या वाटेवर, वाशाला घट्ट बांधून ठेवायचा.

मारायची जागा तयार करा

राखेवर सगळ्यात जास्त माग दिसले त्या वाटेजवळ एक जागा ठरवा. पाठीमागे रेतीने भरलेलं पोतं उभं करा, उंदराच्या दुप्पट रुंद तरी असावं. शक्यतो दोन पोती, एकावर एक. दगडी भिंत, सिमेंट, टिन, लोखंडी गव्हाण यांच्यावर छर्रा आदळला की उलटा येतो, आणि डोळ्याला लागला तर डोळा जातो. साधा पारदर्शक चष्मा तरी लावाच.

रेतीच्या पोत्याचं दुसरं कारण लोकांच्या लक्षात येत नाही. छर्रे शिशाचे असतात. कुटारात किंवा गव्हाणीत पडलेला छर्रा ढोराच्या पोटात गेला की शिसं हळूहळू अंगात भिनतं. म्हणून वैरण, ढेप आणि कापूस यांच्या दिशेने एकही छर्रा जाता कामा नये, आणि सगळे छर्रे रेतीतच अडकले पाहिजेत. बसायच्या जागेपासून पोत्यापर्यंत आठ-दहा मीटर अंतर ठेवा. त्या रेषेत ढोर, दार, खिडकी किंवा झोपलेला माणूस नको. ढोरं दुसऱ्या कडेला बांधा. आवाजाने बुजतात, म्हणून पहिल्या दिवशी रिकामी बंदूक वाजवून सवय करण्याचा मोह टाळा. एअरगन छर्ऱ्याशिवाय उडवली की आतला दट्ट्या खराब होतो.

आता चारा. शेंगदाण्याचा कूट, गूळ आणि थोडं तेल एकत्र मळून घट्ट लेप करा. दाणे ठेवाल तर उंदीर एक तोंडात धरून पळून जाईल. लेप फळीवर चोळून, थोडा खिळ्याच्या खाचेत भरून ठेवला की त्याला तिथेच बसून चाटावं लागतं, आणि डोकं काही क्षण एका जागी राहतं. ते काही क्षणच तुमचे असतात.

पहिले तीन-चार दिवस नुसता लेप ठेवायचा, मारायचं नाही. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. पोतं, फळी, तुमचं स्टूल सगळं पहिल्या दिवसापासून जागेवर असू द्या. रोज रात्री तिथे एक मंद बल्बही जळता ठेवा. लेप रोज साफ व्हायला लागला म्हणजे पाहुणे ठरले.

बंदूक जुळवणं

दिवसा, त्याच अंतरावर, त्याच पोत्याला कागद लावून. पाच छर्रे एकापाठोपाठ मारा. दहा रुपयांच्या नाण्याखाली पाचही भोकं झाकली गेली तर बंदूक आणि हात दोन्ही तयार आहेत. झाकली जात नसतील तर उंदरावर रोखायचं नाही, सराव करायचा.

नळी मोडून भरायची स्प्रिंगची बंदूक घट्ट आवळून धरली की निशाणा फिरतो. ती स्टुलावर किंवा भिंतीवर टेकवू नका. डावा तळहात खाली, त्यावर बंदूक सैल, आणि तो हात रेतीच्या छोट्या पिशवीवर. भरताना मोडलेली नळी हातातून सोडू नका, निसटली तर बोटं जातात. दुर्बीण लावली असेल तर ती नळीच्या वर असते, त्यामुळे अगदी जवळ, चार-पाच मीटरवर छर्रा दुर्बिणीतल्या फुलीच्या खाली लागतो. दहा मीटरवर जुळवलेल्या बंदुकीने पायाशी आलेला उंदीर मारायला जाऊ नका.

बसायची वेळ

अंधार पडल्यापासूनचे पहिले दोन तास सगळ्यात चांगले. स्वयंपाक, धारा आटोपून घरातली माणसं आत गेली, गोठा शांत झाला की हालचाल सुरू होते. पहाटे उजाडायच्या आधी दुसरी वेळ असते.

बाजेवर किंवा स्टुलावर बसा, जमिनीवर नाही. पायात गमबूट. जिथे उंदीर तिथे नाग आणि घोणस येणारच, आणि मण्यार तर रात्रीच फिरतो. धामण दिसली तर तिला जाऊ द्या. ती तुमचंच काम करते आहे.

बॅटरीवर लाल जिलेटीनचा कागद रबराने बांधा. उंदराला लाल उजेड फारसा दिसत नाही. बोट घोड्यावर अगदी शेवटी, उंदीर लेप चाटायला लागल्यावरच ठेवायचं. तो आडवा उभा असेल तर डोळा आणि कान यांच्या मध्ये मारा. समोर तोंड असेल तर थांबा, तो वळेल. पोटावर, पाठीवर मारू नका. जखमी उंदीर बिळात जाऊन तासन्‌तास तडफडतो आणि मग तिथेच सडतो. चुकून जखमी झालाच तर लगेच दुसरा छर्रा, किंवा डोक्यात काठीचा एक जोरदार घाव. पळणाऱ्या उंदरावर कधीच नाही.

एक पडला की लगेच उठू नका. बंदूक भरा, तसेच बसा. अर्ध्या तासात दुसरा येतो, कधी त्याच लेपाला. पण दोन-तीन दिवस सलग मारल्यावर बाकीचे सावध होतात. मग आठवडाभर सुट्टी द्यायची, लेप मात्र चालू ठेवायचा.

उठताना बंदूक रिकामी झाली याची खात्री रेतीत छर्रा मारूनच करा. बंदूक कुलपात, छर्रे वेगळ्या डब्यात, किल्ली लेकरांच्या हाताला लागणार नाही अशी. छर्रे हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय तंबाखू मळू नका.

मेलेल्या उंदराचं काय

उघड्या हाताने शेपूट धरून उकिरड्यावर फेकायची पद्धत सोडा. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो. अंगावरचे माइट (डोळ्याला जेमतेम दिसणारे बारीक जीव) तर उंदीर गार पडला की दुसरं अंग शोधतात. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर भागात स्क्रब टायफसने माणसं दगावली, तो आजार माइटच्याच, पण गवत-झुडपात राहणाऱ्या आणि उंदरांवरही जगणाऱ्या एका जातीच्या पिल्लांच्या चावण्यातून होतो. प्लास्टिकची पिशवी हातात उलटी घालून उंदीर उचला, विहिरीपासून लांब दोन फूट खड्ड्यात पुरा, जागेवर फिनाईल टाका. मांजरालाही देऊ नका, अंगात शिसं असतं. पुढे काही दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना उंदीर हाताळल्याचं सांगा.

परत येऊ नयेत म्हणून

पऱ्हाट्यांची गंजी भिंतीपासून लांब न्या. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दीड-दोन फूट सोडून लावा, म्हणजे मागे बॅटरी मारता येते. दाराखालची फट टिनाच्या पट्टीने बंद करा, झरोक्यांना बारीक जाळी लावा. उंदराच्या पिल्लाला बोटभर भोकही पुरतं. बिळात काचेचे तुकडे आणि सिमेंट. सल्फासच्या गोळ्या मात्र घरात, कापसाच्या खोलीत अजिबात नाही. त्यातून निघणारा वायू शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसाचाही जीव घेतो.

आणि शेतातले उंदीर?

तिथे बिळावरच काम होतं. संध्याकाळी धुऱ्यावरची सगळी बिळं मातीने बुजवा. सकाळी जी उकरलेली दिसतील ती जिवंत. त्यात दोन-तीन दिवस तेल लावलेली ज्वारीची भरड नुसतीच ठेवून चटक लावायची, मग झिंक फॉस्फाईडचं आमिष: 96 भाग भरड, 2 भाग तेल, 2 भाग विष. काठीने कालवायचं, हातमोजे घालून, दहा-दहा ग्रॅमच्या कागदी पुड्या करून बिळात आत सरकवायच्या आणि तोंड बंद करायचं. 2017 साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, तेव्हा हातमोजे-मास्कला कंटाळा नको. या विषावर उतारा नाही. तेच आमिष लगेच दुसऱ्यांदा ठेवलं तर वाचलेले उंदीर तोंड लावत नाहीत, म्हणून पुढच्या खेपेला ब्रोमॅडिओलोन या दुसऱ्या विषाचे ठोकळे वापरा. मेलेले उंदीर रोज सकाळी गोळा करून पुरा.

हरभऱ्यात घुबडांना बसायला इंग्रजी टी अक्षरासारखे उंच थांबे रोवले तर रात्रीची राखण फुकट होते. दाणे भरायला लागले की ते काढून घ्या, नाहीतर दिवसा त्याच थांब्यांवर दाणे टिपणारे पक्षी येऊन बसतात.