अडीच डोक्यांची मुलगी: चिबी चित्र काढायला शिका

माझ्या भाचीने पहिल्यांदा चिबी, म्हणजे मोठ्या डोक्याचं आणि आखूड अंगाचं जपानी धाटणीचं कार्टून, काढून दाखवली तेव्हा डोकं मोठं होतं, डोळे बशीएवढे होते, फ्रॉकला झालरही होती. तरी ती मुलगी चाळिशीची वाटत होती. भाची अगदी हिरमुसली. आम्ही दोघींनी फक्त डोळे खोडले आणि बोटाच्या एका पेराएवढे खाली काढले. बाकी चित्र तसंच ठेवलं, आणि कागदावर एकदम गोंडस पोर दिसायला लागली. तेव्हापासून कुणालाही चिबी शिकवताना मी मापापासूनच सुरुवात करते.

'चिबी' हा जपानी बोलीतला शब्द. बुटका, ठेंगू किंवा एवढंसं पोर असा त्याचा अर्थ. कुणाला तोंडावर म्हटलं तर आपल्याकडच्या 'ए बुटक्या'सारखाच तो लागू शकतो, पण चित्रांच्या जगात तो लाडाचा झाला आहे. मांगा (जपानी चित्रकथा) आणि ॲनिमे (जपानी ॲनिमेशनपट) यांमधली उंचीपुरी पात्रं विनोदाच्या किंवा लाडाच्या प्रसंगी अचानक आखूड होतात, त्यातूनच ही शैली लोकप्रिय झाली. जपानमध्ये २००६ पासून निघणाऱ्या नेन्डोरॉइड नावाच्या साधारण १० सेंटिमीटर उंचीच्या बाहुल्याही अशाच मोठ्या डोक्याच्या आणि आखूड अंगाच्या असतात. मागून आणि बाजूने चिबी कशी दिसते हे कळायला त्यांचे फोटो फार उपयोगी पडतात.

ही चित्रं पाहून जीव का विरघळतो? कोनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन प्राणिवर्तनशास्त्रज्ञाने १९४३ मध्ये तान्ह्या बाळांची लक्षणं मांडली होती: मोठं डोकं, उंच कपाळ, चेहऱ्यावर खाली असलेले मोठे डोळे, गुबगुबीत गाल, आखूड हातपाय. ही लक्षणं दिसली की आपल्यातली माया आपोआप जागी होते. चिबीत हीच लक्षणं जरा वाढवून घेतलेली असतात.

माप आधी

मोठ्या माणसाची उंची त्याच्या स्वतःच्या डोक्याच्या सात ते साडेसात पट असते. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटसाठी मनुष्याकृतीचा सराव केलेल्यांच्या हातात हे माप पक्कं बसलेलं असतं, त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस त्यांचा हात आपसूक लांब पाय काढतो. नवजात बाळ चार डोक्यांचं असतं. चिबी त्याहूनही आखूड, दोन ते तीन डोक्यांची. जपानी चित्रकार हे माप 'तोशिन' शब्दाने सांगतात. नितोशिन म्हणजे दोन डोक्यांची, सान्तोशिन म्हणजे तीन डोक्यांची आकृती.

दोन डोक्यांच्या चिबीला कोपर, गुडघे जवळजवळ नसतात, ती स्टिकरला छान. तीन डोक्यांची असली की पळणं, उडी मारणं, कपड्यांची नक्षी हे सगळं जमतं. शिकताना मला अडीच सगळ्यात सोयीची वाटते, म्हणून आपण तीच काढू: दोन वेण्या घातलेली, पाठीला दप्तर असलेली, छत्री धरलेली शाळकरी मुलगी.

साधा ए-फोर कागद उभा घ्या. एचबी पेन्सिल, खोडरबर, पट्टी आणि एक काळं जेल पेन पुरे. वर सात सेंटिमीटर जागा छत्रीसाठी सोडा आणि मधोमध १५ सेंटिमीटरची उभी रेघ आखा. वरून ६ सेंटिमीटरवर खूण करा, तिथे डोकं संपतं. आणखी साडेचारवर दुसरी खूण, तिथे धड संपतं. उरलेले साडेचार सेंटिमीटर पायांचे. रेघा इतक्या हलक्या असू द्या की कागद लांब धरला तर त्या दिसू नयेत.

डोकं आणि चेहरा

वरच्या सहा सेंटिमीटरमध्ये गोल काढा. कंपास घेऊ नका, हातानेच दोन-तीनदा फिरवून काढा. मग गोलाचा खालचा अर्धा भाग दोन्ही बाजूंनी किंचित फुगवा आणि हनुवटी जराशी चपटी करा. जरा दाबलेल्या लाल भोपळ्यासारखा आकार यायला हवा. गाल इथेच तयार होतात. हनुवटी टोकदार झाली की वय वाढतं.

आता गोलाच्या बरोबर मध्यावर, म्हणजे वरून तीन सेंटिमीटरवर, आडवी रेघ मारा. या रेघेच्या वर डोळ्यांनी मुळीच जायचं नाही. वरची पापणी रेघेला टेकेल आणि अख्खा डोळा तिच्या खाली येईल. भाचीची चूक नेमकी इथे झाली होती, तिने डोळ्याचं बुबुळ या रेघेवर ठेवलं होतं. खऱ्या मोठ्या माणसाचे डोळे साधारण तिथेच असतात, म्हणून ती मुलगी मोठी दिसत होती.

डोळा दीड सेंटिमीटर उंच आणि एक-सव्वा सेंटिमीटर रुंद. दोन डोळ्यांमध्ये एका डोळ्याहून किंचित जास्त जागा. आधी वरच्या पापणीची जाड कमान काढा, मग तिच्यातून लोंबणारा उभा लंबगोल. खालची पापणी पूर्ण काढू नका, छोटीशी आडवी रेघ पुरते. लंबगोलाचा वरचा भाग गडद भरा, खाली येताना फिका करा. वरच्या कोपऱ्यात एक पांढरा ठिपका कोरा सोडा. तो दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला हवा. नवशिके एका डोळ्यात डावीकडे आणि दुसऱ्यात उजवीकडे सोडतात, आरशातल्यासारखा, आणि मग नजर कुठे आहे तेच कळत नाही. उजेड एकाच खिडकीतून येतो असं धरा. तिरप्या विरुद्ध बाजूला, खाली, आणखी एक बारीक ठिपका सोडला तर डोळा ओलसर दिसतो.

नाक? मी काढत नाही. काढायचंच असेल तर पेन्सिलचं टोक एकदा टेकवा. तोंड हनुवटीच्या एक सेंटिमीटर वर, अर्धा सेंटिमीटर रुंद. ओठ नकोत.

भुवया मात्र मन लावून काढा, कारण चिबीचा मूड त्या ठरवतात. याच चेहऱ्यावर भुवयांची आतली टोकं वर उचलली की मुलगी काकुळतीला येते आणि खाली दाबली की रुसते. डोळ्यांच्या जागी फक्त दोन उपड्या वाट्यांसारख्या कमानी काढल्या तर ती खुदकन हसते, त्याच कमानी उलट्या केल्या की शांत झोपते. गालांवर दोन-तीन तिरप्या रेघा म्हणजे लाजणं. एका कागदावर सहा रिकामे भोपळे काढून सहा चेहरे भरून बघा, अर्ध्या तासात पुष्कळ काही हाताला कळतं.

केस

कवटीच्या रेघेवरच केस काढले तर डोकं टक्कल पडल्यासारखं चपटं दिसतं. केसांची बाहेरची रेघ कवटीच्या अर्धा सेंटिमीटर वरून न्या. डोक्यावर भोवरा कुठे आहे ते ठरवा आणि सगळ्या बटा तिथून निघू द्या. कपाळावर चार-पाच बटा, मुळाशी रुंद आणि टोकाला निमुळत्या, पण एकसारख्या नकोत, एक जाड, एक बारीक. एकेक केस काढत बसू नका.

वेणीसाठी पेड गुंफायची गरज नाही. पिंपळपानासारखे चार आकार एकाखाली एक, प्रत्येक आधीच्यात थोडा घुसलेला, खाली रिबिनीचं फूल आणि केसांचा झुपका. वेणी कानामागून निघून खांद्यावर येते.

अंग आणि हातपाय

मान दोन-तीन मिलिमीटर, किंवा नाहीच. खांदे दोन सेंटिमीटरचे आणि खाली फ्रॉकचा घेर तीनचा, म्हणजे धड पेरूच्या आकाराचं, वर निमुळतं. वेण्या, हात, दप्तर धरूनही शरीर शक्यतो डोक्याच्या रुंदीत बसवा. पाय खाली निमुळते होत जातात, पावलं छोटी. बोटं काढायची नाहीत. मूठ म्हणजे एक गोल आणि अंगठ्याचा उंचवटा. दप्तर पाठीमागे असल्याने समोरून फक्त खांद्यावरचे पट्टे आणि दोन्ही बाजूंनी डोकावणारा थोडा भाग दिसतो.

छत्रीपाशी एक गंमत होते. हात खांद्यापासून कमरेपर्यंत, म्हणजे जेमतेम पावणेचार सेंटिमीटरचा. तो सरळ वर केला तरी डोळ्यांपर्यंतच पोचतो, डोक्यावर जातच नाही! म्हणून चिबीला डोक्यावर हात धरून छत्री देता येत नाही. मूठ छातीपाशी ठेवा, दांडा लांब करून गालाजवळून वर न्या आणि छत्रीचा घेर डोक्याहून मोठा, दहा सेंटिमीटरचा घ्या. टोपी नीट करणं, डोकं खाजवणं, केस बांधणं या सगळ्यात हीच अडचण येते. चित्रकार तेव्हा हात थोडा ताणून घेतात किंवा ती कृतीच बदलतात. दोन्हीही चालतं.

मुलगी खांबासारखी उभी वाटत असेल तर सुरुवातीची उभी रेघ सरळ न आखता हलकी वाकवा आणि डोकं वाकाच्या उलट बाजूला थोडं कलतं ठेवा.

शाई आणि रंग

कागद उलटा करून खिडकीच्या काचेवर धरा. एक डोळा वर गेला असेल, एक गाल जास्त फुगला असेल, तर मागून लगेच दिसतं. दुरुस्ती करून मगच पेन घ्या. बाहेरची रेघ दोनदा गिरवून जाड करा, आतल्या घड्या आणि तोंड एकाच बारीक फटक्यात. शाई वाळायला दहा मिनिटं द्या. मी एकदा वाळायच्या आत खोडरबर फिरवला आणि दोन तासांचं चित्र गालापासून वेणीपर्यंत काळं फरफटलं. आता मी पेनाचं टोपण लावून सरळ चहा करायला उठते. रंग तीन-चारच घ्या, आणि सावली एकाच बाजूला द्या.

घरच्यांची चिबी

हात थोडा बसला की घरातलं माणूस काढा. चिबी म्हणजे लहान मूलच असं नाही, आजोबांचीही होते. माप तेच अडीच डोक्यांचं ठेवा, वय बाकी गोष्टींनी दाखवा. काढण्याआधी कागदाच्या कोपऱ्यात त्या माणसाच्या दोन-तीन खुणा लिहा, ज्यांच्याशिवाय ते तेच वाटणार नाहीत. मी माझ्या आजीसाठी लिहिलं होतं: अंबाड्यातलं अबोलीचं फूल, नाकावर घसरलेला चष्मा, कमरेला खोचलेला पदर. नऊवारीच्या सगळ्या निऱ्या काढायचा मोह झाला होता, पण दोन रेघांवर थांबले. सुरकुत्याही नाहीत, फक्त डोळ्याशेजारी एक छोटी रेघ. चित्र फ्रिजवर लावलं, आणि दुधाचं पातेलं ठेवायला आलेल्या आजीने ते पाहून आधी चष्मा वर सरकवला.