सेंद्रिय कर्ब वाढवायचाय? मग या चुका टाळा

मातीचा रिपोर्ट घेऊन येणाऱ्या दहापैकी आठ जणांचा प्रश्न ठरलेला: "कर्ब कमी आलाय, काय सोडू?" कर्ब म्हणजे कुजलेल्या मुळांतून, पाल्यातून, शेणातून मातीत राहिलेला कार्बन. ०.५ टक्क्याच्या खाली कमी, ०.७५ च्या वर जास्त, एवढं सगळ्यांना पाठ झालंय. पण कर्ब ड्रिपमधून सोडायची वस्तू नाही, हे सांगितलं की चेहरे पडतात.

बाटलीवर भरवसा

एका एकरातली वरची सहा इंच माती म्हणजे साधारण ९ लाख किलो. कर्ब ०.१ टक्क्यानं वाढवायचा तर त्यात ९०० किलो कर्ब टिकला पाहिजे. नुसता घालून भागत नाही, टिकला पाहिजे. आता २०० लिटर जीवामृताचा हिशोब करा. १० किलो शेण, २ किलो गूळ, २ किलो बेसन, बाकी गोमूत्र आणि पाणी. शेणातलं पाणी वजा केलं की कोरडा माल उरतो पाच-सहा किलो, आणि त्यातही कर्ब निम्म्याहून कमी. जीवामृत वाईट नाही, जिवाणू कामाला लागतात. पण रानात त्यांना खायलाच काही नसेल तर ते काय करणार? विकतच्या काळ्या बाटल्यांबद्दल मी बोलतच नाही.

धसकटं वेचून जाळणं

ही माझी खरी डोकेदुखी. ज्वारी काढली की कडबा जनावरांना जातो, आणि जाणारच. कडबा रानात पसरा असं सोलापूर-मंगळवेढ्याकडं सांगणाऱ्याला दुष्काळ माहीत नाही. मग रानाला उरतं काय? मुळं आणि धसकटं. तीही आपण मजुरी देऊन वेचतो, बांधावर ढीग घालतो आणि काडी लावतो.

आमच्या शेजारच्या गावात शहरातून परत आलेला एक तरुण आहे. हुशार पोरगा, पण सगळं आजच्या आज हवं. धसकटं जाळली, नांगरट केली आणि वर ऐन एप्रिलात रोटाव्हेटर दोनदा फिरवला. रान पिठासारखं झालं, फोटो झकास आले. मग वळवाचा एकच दणका बसला. वर खपली धरली, पाणी मुरलंच नाही, आणि चांगली माती घेऊन ते ओढ्याला गेलं. "काका, आता कर्बाची कुठली बाटली आणू?" मी म्हटलं, "बाबा, कर्ब ओढ्यात गेलाय, तिकडं जा."

काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, स्वतःच खालीवर होते. तिला दरसाल खोल नांगर कशाला? हरळी-कुंद्यासारखं चिवट तण माजलं तरच मी नांगर घालतो, एरवी कुळवाच्या उथळ पाळ्या देतो. रोटाव्हेटर भाड्यानं मिळतो म्हणून फिरवायचा नसतो.

सोलापूरला रब्बी ज्वारीवर २२ वर्षं चाललेल्या प्रयोगात आहे तो कर्ब नुसता राखायलाच दरवर्षी हेक्टरी साधारण १.१ टन कर्ब रानात जावा लागतो, असं दिसलं. म्हणजे एकरी साडेचारशे किलोच्या आसपास. तिथं निम्मं नत्र सुबाभळीच्या पाल्यातून आणि निम्मं युरियातून देणं सरस ठरलं. मी बांधावर तसाच पाला देणारं गिरीपुष्पाचं झाड लावलंय, कारण शेळ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत. सुबाभूळ आमच्याकडं शेळ्या ठेवत नाहीत.

बारीकसारीक, पण रोजचं

शेणखताचे ढीग रानात महिनाभर उन्हात वाळवू नका. पसरलं त्याच दिवशी पाळी घाला. कच्चं शेणखत घालून हुमणीला, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीला, आवतण देऊ नका. पेरणी उताराला आडवी करा. हे किती वेळा सांगायचं?

नमुना भलत्याच जागेचा

एकाचा कर्ब एकदम ०.९ आला. गडी गावभर सांगत सुटला, लोक त्याची पद्धत विचारायला लागले. चौकशी केली तर नमुना धनगराच्या मेंढ्या बसवल्या होत्या त्याच तुकड्यातला! पुढच्या खेपेला सगळ्या रानातून घेतला, तर आकडा पुन्हा निम्म्यावर.

बांध, झाडाखाली, उकिरडा, मेंढ्यांची जागा, सगळं सोडा. पीक काढल्यावर, खत घालायच्या आधी नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचे खड्डे घ्या, वीतभर खोल. माती एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकत जा, अर्धा किलो उरेपर्यंत. खताच्या रिकाम्या पोत्यात भरू नका. आणि दरवर्षी तपासू नका. तीन वर्षांनी, त्याच महिन्यात, त्याच रानातून.