सिरपूरच्या तलावावर मुलाला दुर्बिणीतून पक्षी कसा दाखवावा

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा ते रंगपंचमी, हिवाळा सरताना एवढेच दिवस हातात उरतात. नंतर पाहुणी बदकं उत्तरेची वाट धरतात आणि इंदूरचं ऊन नऊलाच चटके देऊ लागतं. सातच्या आत तलावावर पोचा. पाणी, टोप्या, खाऊ हे काही मी सांगत बसत नाही. पोहे-जिलेबी मात्र येताना. जाताना थांबलात की नऊ वाजलेच.

जागा धार रोडवरचा सिरपूर तलाव. २०२२ साली हा आणि इंदूरजवळचाच यशवंत सागर, दोन्ही तलाव जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले. रालामंडलला जाऊ नका असं नाही. १९८९ पासूनचं अभयारण्य आहे, टेकडीवर होळकरांचं शिकारगाह आहे. पण झाडीतला पक्षी मोठ्यांनाही आधी ऐकूच येतो. पळस फुललेला पाहायचा तर सिमरोलचा घाट, तो गाडीतूनही दिसतो. पहिला पक्षी दाखवायला उघडं पाणीच हवं. ऊन पाठीवर घेऊन उभे राहा, नाहीतर सगळी बदकं काळीच दिसतील.

इथवर सोपं. पुढे दुर्बीण मुलाच्या हातात देतात आणि तिथेच सगळं फसतं.

माझंही फसलं होतं. भाची पाच वर्षांची. दुर्बीण तिच्या डोळ्यांना लावायची, "दिसलं का गं?" विचारायचं, ती "हो मावशी" म्हणायची. असे तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी तिनं विचारलं, "मावशी, सगळ्याच पक्ष्यांना एवढे काळे केस असतात?" पोरगी तीन आठवडे स्वतःच्या पापण्या बघत होती! मावशीला वाईट वाटू नये म्हणून "हो" म्हणत होती.

तेव्हापासून "दिसलं का?" हा प्रश्न मी बंद केला. "त्याचं तोंड कुठल्या बाजूला आहे?" असं विचारा. खरं दिसलं असेल तर मूल लगेच हात करून दाखवतं. नाहीतर तुमच्या चेहऱ्याकडे बघतं.

आता दुर्बिणीबद्दल. वीसपट, तीसपट मोठं दाखवणारी घ्या असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. जितकं मोठं दाखवणार तितकी हाताची थरथरही मोठी होते आणि दिसणारा तुकडा लहान. मुलांना सहा ते आठपट पुष्कळ. दुर्बिणीवर ६×३० असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाची रुंदी मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्यानं भागा. ६×३० ला ५ येतात, खिशातल्या ८×२५ ला जेमतेम ३. डोळ्याशी येणारा उजेडाचा गोल तेवढ्या मिलिमीटरचा असतो. गोल मोठा असला की मुलाचा डोळा इकडेतिकडे झाला तरी चित्र जात नाही.

दुकानात आणखी एक करा. दुर्बीण मधून पूर्ण मिटवा आणि डोळे लावायच्या दोन काचांच्या मध्यांतलं अंतर पट्टीनं मोजा. लहान मुलाच्या दोन बाहुल्यांत ५ सेंटीमीटरच्या आसपास अंतर असतं. मोठ्यांच्या बऱ्याच दुर्बिणी तेवढ्या मिटतच नाहीत. मग मुलाला एका डोळ्यानं अर्धवट दिसतं आणि दुसऱ्यापुढे अंधार. घरात तशीच असेल तर नवी घ्यायची गरज नाही. एक डोळा तळहातानं झाकायचा, एकाच नळीतून बघायचं, दुर्बीण आपण धरायची.

डोळ्याशी टेकणारी रबरी कड वर काढा. मुलाला चष्मा असेल तरच ती खाली. माझ्या भाचीच्या पापण्यांचं मूळ या कडेत होतं. ती मी खाली दाबूनच ठेवली होती. मधलं चाक फिरवून आधी स्वतः स्पष्ट करून घ्या, मग मुलाला त्याच्या डोळ्यांप्रमाणे थोडं पुढेमागे करू द्या. उजव्या डोळ्याचं वेगळं जुळवायला त्या नळीवर फिरती कडी असते, तिच्या नादी सात-आठ वर्षांपर्यंत लागू नका. पट्टा गळ्यात, आणि आखूड. सूर्याकडे दुर्बीण कधीही नाही, गमतीतही नाही.

मग मुलाला पाळीवर खाली बसवा, कोपरं गुडघ्यांवर. पहिला पक्षी न हलणारा निवडा. वाळक्या फांदीवर पंख पसरून वाळवत बसलेला पाणकावळा उत्तम. मुलानं आधी नुसत्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघायचं. नजर तिथेच, मान तिथेच, दुर्बीण डोळ्यांपर्यंत वर आणायची. बहुतेक जण उलटं करतात, आधी दुर्बीण लावतात आणि मग तलावभर पक्षी हुडकत फिरतात. सापडत नाही, मूल वैतागतं, तुम्ही "अरे तिकडे, तिकडे!" ओरडता आणि पाणकावळा उडून जातो. हे वर आणणं घरी गच्चीत समोरच्या पाण्याच्या टाकीवर दहा वेळा करून घ्या.

पाणकावळा जमला की तरंगते पक्षी. वारकरी सोपा, अंगानं काळा आणि कपाळावर पांढरा टिळा. त्यानंतर हळदीकुंकू नावाचं बदक, पण नाव आधी सांगायचं नाही. "चोच कशी आहे रे?" एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. भाचीला पुरं एक मिनिट लागलं. मग दुर्बीण न काढता ती म्हणाली, "मावशी, चोचीचं टोक पिवळं आहे. आणि वर, कपाळाशी, लाल लागलंय."

असं काही कानावर आलं की त्या दिवशी दुर्बीण परत मागू नका.